मक्तेदारी नेहमीच वाईट असते का? वीज, एसटी आणि कापसाच्या उदाहरणातून समजून घेऊ



बारावीच्या अर्थशास्त्रात 'बाजाराचे प्रकार' असा एक पाठ असतो. पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, अल्पाधिकार अशी नावं त्यात येतात. आपण प्राथमिकचे शिक्षक, आपला याच्याशी काय संबंध, असं वाटू शकतं. पण बघा, आपल्या वर्गातलं मूल रोज ज्या बसने येतं, ज्या विजेवर अभ्यास करतं आणि ज्या कापसावर त्याच्या घराचं वर्षाचं गणित चालतं, त्या तिन्ही गोष्टींत मक्तेदारीचा विषय आहेच. परिसर अभ्यास शिकवताना वाहतूक, वीज, शेती हे घटक आपण घेतोच. त्यामुळे ही कल्पना आधी आपल्याला नीट समजली, तर मुलांना सोप्या भाषेत सांगता येते. आजचा लेख त्यासाठीच.

मक्तेदारी म्हणजे काय?

एखादी वस्तू किंवा सेवा देणारा बाजारात एकच विक्रेता असेल आणि त्याला जवळचा पर्याय नसेल, तर त्याला मक्तेदारी म्हणतात. फुलंब्रीत किराणा दुकानं भरपूर आहेत. एकाने साखर महाग लावली तर आपण दुसरीकडे जातो. ही झाली स्पर्धा. पण घरातलं वीजबिल जास्त वाटलं म्हणून शेजारच्या कंपनीची वीज घेता येते का? नाही. आपल्याकडे महावितरण एकच. ही झाली मक्तेदारी.

मक्तेदारीचे तोटे मुलांनाही पटकन सांगता येतात. दुसरा कोणी नसला की भाव मनमानी लावता येतो. माल खराब असला तरी गिऱ्हाईक जाणार कुठे? सुधारणा करायची घाई राहत नाही. हे सगळं खरंच आहे. म्हणूनच आपल्या देशात १९६९ साली मक्तेदारीला आळा घालणारा कायदा आला, त्याला एमआरटीपी कायदा म्हणायचे.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुढे त्या कायद्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. नवा कायदा नुसतं मोठं असणं हा गुन्हा मानत नाही. मोठेपणाचा गैरवापर केला तर तो गुन्हा मानतो. म्हणजे कायद्यानेही मान्य केलं की एकच मोठा विक्रेता असणं आणि त्याने लोकांना लुबाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग एकटा असूनही तो उपयोगी कधी ठरतो? आपल्याच परिसरातली तीन कारणं बघू.

पहिलं कारण : जिथे दोन जाळी टाकणं परवडत नाही

समजा एका गावात २०० घरं आहेत. गावापर्यंत खांब, तारा आणि रोहित्र, म्हणजे आपली डीपी, बसवायला १० लाख रुपये लागतात असं धरू. (हे आकडे फक्त गणितासाठी आहेत.) एकाच कंपनीने काम केलं तर एका घरामागे खर्च आला ५,००० रुपये. आता स्पर्धा हवी म्हणून दोन कंपन्या आल्या. दोघींनी आपापले खांब रोवले, प्रत्येकीचे १० लाख गेले. घरं तेवढीच, प्रत्येकीच्या वाट्याला १००. एका घरामागे खर्च झाला १०,००० रुपये! स्पर्धा आली आणि वीज महाग झाली. शिवाय गल्लीत दुप्पट खांब.

हे गणित पाचवीच्या मुलालाही सोडवता येतं. जिथे सुरुवातीचा खर्च प्रचंड असतो आणि गिऱ्हाईक वाढेल तसा दरडोई खर्च कमी होतो, तिथे एकच जाळं सगळ्यांना स्वस्त पडतं. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. नळाची पाइपलाइन, रेल्वेचे रूळ, विजेच्या तारा ही त्याची उदाहरणं.

आपल्या राज्यात १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. वीज तयार करणं, वाहून नेणं आणि घरोघरी देणं, राज्याच्या बहुतेक भागात ही तिन्ही कामं त्या मंडळाकडे होती. २००५ मध्ये त्याचे भाग करून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. वीज तयार करण्यात आज खासगी कंपन्याही आहेत, कारण तिथे स्पर्धा शक्य आहे. पण आपल्या दारातली तार एकाच कंपनीची राहिली.

मुंबईत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तिथे काही भागात ग्राहकाला दोन कंपन्यांपैकी एक निवडता येते. पण बऱ्याच ग्राहकांनी कंपनी बदलली तरी वीज जुन्याच कंपनीच्या तारांवरून येते. म्हणजे विक्रेता बदलता येतो, पण तारा दोनदा टाकणं तिथेही टाळलं गेलं.

मग एकट्या कंपनीने दर वाटेल तसा लावू नये म्हणून काय? त्यासाठी १९९९ पासून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे. दर कंपनी ठरवत नाही, आयोग ठरवतो. कंपनीला प्रस्ताव मांडावा लागतो, त्यावर जनसुनावणी होते आणि सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदवता येते. ही व्यवस्था पूर्णपणे निर्दोष आहे असं कुणी म्हणणार नाही. पण बैल ताकदवान असेल तर वेसण लागतेच, आणि वीज दरांच्या बाबतीत ही वेसण म्हणजे आयोग.

दुसरं कारण : भरलेल्या गाडीच्या पैशावर रिकामी गाडी चालते

आता आपली लालपरी. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९३२ पासूनच निजाम सरकारच्या रेल्वेच्या रस्ते विभागाची बससेवा होती. महाराष्ट्र झाल्यावर मराठवाड्याची बससेवा एसटी महामंडळात सामील झाली. पुढे राज्यात टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवत-उतरवत जाणारी, म्हणजे टप्पा वाहतूक, मुख्यतः एसटीच्याच हाती राहिली.

हे असं का केलं असेल? आपला संभाजीनगर-फुलंब्री-सिल्लोड रस्ता डोळ्यापुढे आणा. या रस्त्यावर दिवसभर प्रवासी मिळतात. गाडी भरते, पैसा सुटतो. पण तिथून आत वळून बाबरा, पिरबावडा, आळंद या बाजूच्या लहान गावांना जाणारी गाडी घ्या. सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळी भरते, दुपारी चार-पाच माणसं असतात. डिझेलही निघत नाही.

समजा हमरस्त्यावरच्या फेऱ्यांतून दिवसाला ३,००० रुपये उरतात आणि आतल्या गावच्या फेऱ्यांत २,५०० रुपये तोटा होतो. दोन्ही एकाच्या हातात असतील तर ५०० रुपये शिल्लक राहतात आणि दोन्हीकडे गाडी जाते. आता हमरस्ता सगळ्यांना मोकळा केला तर खासगी गाडीवाला कुठे येईल? हमरस्त्यावरच येईल ना! त्यात त्याचा दोष नाही, त्याला धंदा करायचा आहे. पण मग एसटीचे ३,००० कमी होत जाणार आणि आतल्या गावाची फेरी सगळ्यात आधी बंद पडणार.

आता ती फेरी कुणाची आहे ते बघा. सातवीनंतर पुढच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी जावं लागणारी मुलगी त्या गाडीने जाते. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. पण गाडीच आली नाही तर पास काय कामाचा? मुलगा सायकलवर किंवा कुणाच्या मोटारसायकलवर जातो. मुलीला मात्र घरचे म्हणतात, "राहू दे, बस झालं शिक्षण." आपण शिक्षक आहोत, हे वाक्य आपल्याला नवीन नाही. म्हणून हमरस्त्यावरची मक्तेदारी हा विषय थेट आपल्या पटसंख्येशी जोडलेला आहे.

या कारणाला दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितलीच पाहिजे. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांची कारणं होती, तो वेगळा विषय आहे. पण एकाच सेवेवर सगळं अवलंबून असलं की ती थांबल्यावर काय होतं, हे त्या महिन्यांत आतल्या गावांनी बघितलं. हमरस्त्याला पर्याय मिळाला, आतल्या गावाला नाही. तेव्हा मक्तेदारी द्यायची असेल तर ती सेवा बंद पडणार नाही याची जबाबदारीही सोबत द्यावी लागते. शिवाय आज लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर खासगी गाड्या भरपूर आहेत, म्हणजे एसटीची कमाईची बाजू आधीच दुबळी झालेली आहे. अशा वेळी आतल्या फेरीचा तोटा तिकिटातून भरायचा की सरकारी तिजोरीतून, हा प्रश्न उरतोच.

तिसरं कारण : नवीन शोधाचं बक्षीस

एखाद्याने दहा-पंधरा वर्षं खर्च करून नवीन औषध किंवा बियाणं शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नक्कल करून स्वस्तात विकलं, तर पुढे शोध कोण लावील? म्हणून सरकार शोध लावणाऱ्याला ठरावीक काळापुरती मक्तेदारी देतं. त्याला पेटंट म्हणतात. भारतात पेटंटची मुदत २० वर्षं आहे. मुदत संपली की ती माहिती सगळ्यांची.

मोठी मक्तेदार कंपनी संशोधनावर कसा खर्च करू शकते याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथे बराच काळ टेलिफोन सेवा जवळजवळ एकाच कंपनीकडे होती. तिच्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर तयार झाला. आज आपल्या हातातल्या मोबाइलच्या मुळाशी तोच आहे. पुढे १९८४ मध्ये त्या कंपनीचे तुकडे केले गेले, कारण एका टप्प्यानंतर लोकांना स्पर्धा जास्त फायद्याची वाटली.

आपल्या जवळचं उदाहरण जालन्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिकोच्या वाणांना. त्यातलं तंत्रज्ञान अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचं होतं. २००६ पर्यंत सरकारमान्य बीटी तंत्रज्ञान बाजारात या एकाच गटाकडे होतं.

फायदा झाला का? बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत कमी झाल्या, हे आपल्याकडचे शेतकरी सांगतात. देशात २००१-०२ मध्ये कापसाचं उत्पादन सुमारे १५८ लाख गाठी होतं, ते २०१३-१४ मध्ये ३९० लाख गाठींच्या वर गेलं. याचं सगळं श्रेय बीटीला देता येणार नाही. संकरित वाण, सिंचन, वाढलेलं क्षेत्र, खतं यांचाही वाटा आहे. पण शेतकऱ्यांनी हे बियाणं झपाट्याने स्वीकारलं, हे खरं.

आणि भाव? ४५० ग्रॅमची पिशवी तेव्हा १,६०० रुपयांच्या पुढे होती आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं, आणि त्यानंतर पिशवीचा भाव ७५० रुपयांच्या आसपास आला. पुढे २०१५ च्या आदेशाने केंद्र सरकारच बियाण्याचा भाव आणि शुल्क ठरवू लागलं. २०२० मध्ये ते शुल्क शून्य झालं.

आता गंमत बघा. भाव उतरला, शेतकऱ्याचा खर्च वाचला. पण २०१६ मध्ये कंपनीने पुढच्या पिढीच्या बियाण्याचा परवानगीसाठी केलेला अर्ज मागे घेतला. इकडे शेंदरी बोंडअळीला जुन्या बीटीची सवय झाली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात कापसाचं मोठं नुकसान झालं. म्हणजे वेसण सैल सोडली तर शेतकरी लुटला जातो आणि फार आवळली तर नवीन बियाणं येत नाही. बरोबर किती आवळायची, याचं एकच उत्तर कुणाकडे नाही.

फसलेल्या मक्तेदारीचा धडा : कापूस एकाधिकार खरेदी

मक्तेदारी विकणाऱ्याचीच असते असं नाही, खरेदी करणाऱ्याचीही असू शकते. आपल्या आजोबांच्या पिढीला हे तोंडपाठ आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ पासून ती सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेच्या केंद्रावरच विकायचा, व्यापाऱ्याला नाही.

हेतू चांगला होता. वेचणीच्या वेळी शेतकऱ्याला पैशाची घाई असते. देणेकरी दारात असतात. व्यापारी याच अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडायचे. सगळा कापूस एकाच ठिकाणी गोळा झाला, जिनिंग करून गाठी एकत्र विकल्या, तर भाव चांगला मिळेल आणि नफा शेतकऱ्याला वाटता येईल, असा विचार होता. हमीभाव, त्यावर बोनस आणि वाईट वर्षासाठी भाव चढउतार निधी अशी रचनाही केली होती. १९८४ पासून हे काम कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आलं. ज्या वर्षी बाहेर भाव पडलेला असे, त्या वर्षी या योजनेने अनेक घरांना सावरलं, हे मान्य करायला हवं.

पण मग बिघडलं कुठे? पहिली गोष्ट, शेतकऱ्याला बाहेर पडायला दार नव्हतं. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी तिकडे कापूस नेणं बेकायदेशीर! लोक रात्री चोरून सीमेपलीकडे कापूस न्यायचे. आपलाच माल आणि आपणच चोर, अशी अवस्था. दुसरी गोष्ट, चुकारे वेळेवर मिळत नसत. केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडवरून वाद आणि पैसे हप्त्याहप्त्याने. तिसरी गोष्ट, भाव बाजाराकडे बघून कमी आणि राजकारणाकडे बघून जास्त ठरू लागला. जगात कापसाचा भाव पडला तेव्हा योजनेचा तोटा फुगत गेला आणि तो सरकारी तिजोरीवर आला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही सक्ती उठवावी अशी मागणी लावून धरली. शेवटी २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला.

आज सीसीआय हमीभावाने कापूस घेते, व्यापारीही घेतात. व्यापारी पटला नाही तर सीसीआय, आणि सीसीआयच्या रांगेत थांबायचं नसेल तर व्यापारी. कापसाच्या खरेदीला विजेच्या तारांसारखं एकच जाळं लागत नाही, दहा खरेदीदार असले तरी खर्च दुप्पट होत नाही. म्हणूनच आधार देणारा एक सरकारी खरेदीदार हवा होता, पण तो एकटाच असायला हवा होता असं नाही.

मग मक्तेदारी फायद्याची कधी?

वरच्या उदाहरणांतून चार प्रश्न काढता येतात. कोणत्याही मक्तेदारीला ते विचारून बघा.

१. एकटा असण्याला खरं कारण आहे का? दोघे आले तर खर्च खरंच वाढतो का, की फक्त आधीच्याला स्पर्धा नको आहे?

२. एकटेपणातून मिळालेला पैसा कुठे जातो? आतल्या गावाच्या फेरीला, नवीन संशोधनाला, की मालकाच्या खिशात?

३. भावावर आणि दर्जावर कुणाची नजर आहे का? आणि सामान्य माणसाला तक्रार करायला जागा आहे का?

४. मुदत आहे का? परिस्थिती बदलली की ही मक्तेदारी काढून घेता येते का?

चारही उत्तरं समाधानकारक असतील तर ती मक्तेदारी अर्थव्यवस्थेला उपयोगी आहे. विजेच्या तारांना पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. आतल्या गावाला जाणारी एसटी दुसऱ्या प्रश्नात पास होते. पेटंट चौथ्यात. कापूस एकाधिकार योजनेचं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीला चांगलं होतं, पण पहिल्याच प्रश्नात ती अडकली.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

चौथी-पाचवीच्या वर्गात दोन गट करा. फळ्यावर गावाचा नकाशा काढा, २० घरं दाखवा. पहिल्या गटाने एकाच रंगाच्या खडूने सगळ्या घरांना तार जोडायची. दुसऱ्या गटाने दोन रंगांनी दोन कंपन्यांच्या तारा जोडायच्या, प्रत्येकीने १० घरं. मग दोराने किंवा पट्टीने एकूण लांबी मोजायची. मोजमाप, भागाकार आणि परिसर अभ्यास तिन्ही एकत्र होतात. त्यानंतर विचारा, "पहिल्या गटातल्या कंपनीने उद्या बिल दुप्पट केलं तर?" मुलं स्वतःच सांगतात की कुणीतरी विचारणारा पाहिजे. आयोग हा शब्द त्यांना तेव्हा सांगा, आधी नको.

सहावी-सातवीला घरच्या वीजबिलाची प्रत आणायला सांगा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार वेगवेगळे छापलेले असतात. यातलं तारांचं भाडं कोणतं आणि विजेचे पैसे कोणते, हे शोधू द्या.

पालकांना एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याकडून एकाधिकाराच्या काळातल्या कापसाची गोष्ट ऐकू द्या. केंद्रावर किती दिवस मुक्काम पडायचा, चुकारा कधी मिळायचा, आणि भाव पडलेल्या वर्षी त्याच योजनेने कसं तारलं, दोन्ही ऐकू द्या. आणि तुमच्या गावची एसटीची फेरी बंद झाली असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळेचं पत्र घेऊन आगारप्रमुखांकडे जा. पत्रात त्या गाडीने किती मुली शाळेत येतात हा आकडा नक्की लिहा. तो आकडा आपल्या हजेरीपटावर तयारच असतो.

लेख कसा वाटला ते कळवा. तुमच्या गावातलं मक्तेदारीचं एखादं वेगळं उदाहरण असेल तर तेही सांगा, वर्गात वापरता येईल.